आतोबांचे निमित्त

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही वाईट गोष्ट सरळ शब्दांत सांगितली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. रत्नागिरीच्या खाडीकाठी जन्मलेले, शिडाच्या होडीवर वाढलेले आणि सगळ्या बंदरात इंजिनाच्या बोटी झाल्या तरी मनाने त्या शिडाच्या होडीवरून कधी न उतरलेले गृहस्थ. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आजी आमच्याकडे राहायला आली होती आणि मागे तिच्या घराची कौले वादळात उडाली. ही बातमी द्यायला आतोबाच आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले, सावकाश सुपारी कातरली आणि म्हणाले, "आई, यंदा कोजागरीला तुम्हाला अंगणात जायला नको. घरातच चांदणं पडेल." आजीला वाटले जावई कौतुक करताहेत. ती खूश होऊन हसली आणि त्यांच्यासाठी पोहे करायला आत गेली. पोहे खाऊन होईपर्यंत छप्पर गेले आहे हे घरात कोणालाच कळले नव्हते. मी इंटरला नापास झालो, तो निकाल वर्तमानपत्रात वडिलांच्या आधी त्यांनी वाचला. संध्याकाळी हातात भलीमोठी सुरमई घेऊन ते दारात उभे राहिले आणि वडिलांना सांगू लागले की ही गेल्या महिन्यात गळाला लागून सुटली होती, आता मोठी होऊन परत आली. पहिल्या खेपेला सुटलेला मासा नेहमी बरा असतो. वडिलांनी मासा आत दिला आणि शांतपणे विचारले, "किती विषयांत सुटलाय?" त्यांची भाषा समजणारी जी मोजकी माणसे होती, त्यांत वडील होते.

माझ्या चुलतबहिणीला जयगडच्या एका घरातून मागणी आली होती. मुलगा कोणालाच फारसा पसंत नव्हता, पण माणसे नात्यातली; नकार गोड शब्दांत गेला पाहिजे, म्हणून आतोबांना पाठवले. ते संध्याकाळच्या एसटीने परतले ते नारळ, खण आणि साखरपुड्याची तारीख घेऊन. नकार त्यांनी दिला होता, याबद्दल शंका नव्हती. तसे ते शपथेवर सांगत होते. पण तो इतक्या प्रेमाने दिला होता की मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने लगोलग मुलीच्या ओटीसाठी नारळ आणि खण त्यांच्या हाती ठेवले. लग्न झाले. बहीण आज नातवंडांत रमली आहे, आणि नवऱ्याशी खटका उडाला की अजूनही आतोबांच्या नावाने बोटे मोडते.

दुसरे वेड होडीचे. पाण्यावर तरंगणारी, वाळूवर उलथी पडलेली, अर्धी बांधलेली, अर्धी कुजलेली, कोणतीही होडी दिसली की आतोबांचे पाय थांबत. जवळ जाऊन ते तिच्या अंगावरून तळहात फिरवीत, जसा एखादा गृहस्थ बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवील. स्वतःच्या लग्नात अक्षतांच्या वेळी नवरदेव सापडेना, तेव्हा ते वधूपक्षाच्या मागील दारी माडाखाली ठेवलेली डोणी न्याहाळत उभे होते, ही गोष्ट आते आम्हाला इतक्यांदा सांगत असे की पुढे पुढे आम्हीच ती तिला सांगू लागलो. दुबईहून आलेल्या कोणा नातलगाने त्यांना परदेशी यॉटच्या चित्रांचे कॅलेंडर दिले होते. वर्ष सरले तरी ते भिंतीवरून उतरले नाही, आणि ती भिंत नेमकी देव्हाऱ्याची. "ह्यांना देव आणि होडी एकाच उदबत्तीत उरकायची असतात," आते म्हणे. माझ्या स्कूटरवर ते मागे बसत तेव्हा तर माझा जीव मुठीत असे. होडी एका अंगाला कलली की माणसांनी दुसऱ्या अंगाला भार टाकायचा, हे त्यांच्या हाडांत मुरलेले. त्यामुळे मी वळणावर डावीकडे झुकलो की ते मागे उजवीकडे रेलत. मारुती मंदिराच्या चौकात आम्ही एकदा असे दोघे दोन दिशांना गेलो आणि स्कूटर तिसऱ्या. रस्त्यावर बसल्या बसल्या, गुडघा झटकत ते मला म्हणाले, "मास्तर, तुझ्या गाडीला सुकाणू चांगलं हाय. फक्त तिला उभं राहायची सवय नाय." मी शाळेत शिकवू लागल्यापासून ते मला मास्तर म्हणत, आणि त्यांच्या त्या हाकेत थट्टा किती आणि मान किती हे मला शेवटपर्यंत उलगडले नाही.

हे सारे मी हसत सांगतो आहे, आणि हसत सांगताना थोडा थबकतोही आहे. आतोबांच्या या गोष्टी आमच्या घरात, वाडीत, शाळेच्या शिक्षकखोलीतसुद्धा सर्वांत जास्त कोणी सांगितल्या असतील तर त्या मी. माणूस एकदा गमतीचा ठरला की त्याच्या तोंडून निघालेले प्रत्येक वाक्य लोक हसण्यासाठीच कान देऊन ऐकतात. हे मला फार पुढे, एका दिवाळीनंतर जाणवले.

तेव्हा नवे शतक नुकतेच सुरू झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला असलेले सगळे पुरुष घरी येत, म्हणून त्या सुमारास एका रविवारी वाडीतर्फे शिडाच्या होड्यांची शर्यत होई. भाट्याच्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचे, रत्नदुर्गाच्या टोकाला वळसा घालून भगवती बंदर गाठायचे आणि तसेच परत यायचे. मासेमारी केव्हाच इंजिनावर गेली होती. शिडे वर्षातून या एका दिवसापुरती पेटीतून निघत. प्रत्येक होडीवर एक तांडेल, म्हणजे जबाबदार मुख्य माणूस, आणि त्याच्या हाताखाली चारपाच जण. आतोबा वाडीतले सर्वांत वडील तांडेल. त्यांच्या होडीवर माझी नेमणूक वजन म्हणून झाली होती. "सांगेन त्या अंगाला बसायचं. शिकवायचं नाय," एवढाच मला हुकूम होता. आदल्या वर्षीची ढाल आतोबांच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी जिंकली होती. तिला सगळे बाय म्हणत आणि त्यांना सगळे भावोजी. उंचेपुरे, बोलघेवडे, हसले की खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असे. आतोबांवर त्यांचा फार जीव. थट्टा केल्याशिवाय त्यांच्याशी बोलत नसत.

आमच्या किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फुटला की त्यानंतर वाऱ्यापाण्याबद्दल वाईट शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारील त्यानेच वादळ बोलावले असे धरीत, आणि मग पुढे जे काही होईल ते आयुष्यभर त्याच्या माथी. त्यामुळे एखाद्या तांडेलाला हवा पटली नाही तर तो निमित्त काढी. कोणाचे पोट दुखू लागे, कोणाला सासुरवाडीचे पाहुणे आठवत. वडील तांडेलाने निमित्त काढले की बाकीच्यांनी काय ते समजायचे आणि आपापले निमित्त शोधायचे. कोणाची मान खाली जात नसे, कोणी भित्रा ठरत नसे, आणि होड्या काठावर राहत. आतोबांचा तो सगळा आडवळणी स्वभाव बहुधा याच रीतीतून आला असावा. फक्त त्यांनी ती काठावरून उचलून घरादारात, लग्नकार्यांत आणि परीक्षांच्या निकालांत नेली होती.

त्या रविवारी सकाळपासून हवेत घुसमट होती. पाणी शिशासारखे दिसत होते. वारा एकसारखा नव्हता, मध्येच धक्का दिल्यासारखा येई आणि नाहीसा होई. नारळ फुटले, खोबरे वाटले गेले, ध्वनिक्षेपकावर कोणीतरी तांडेलांची नावे पुकारू लागले. आतोबा होडीच्या कडेला हात ठेवून पश्चिमेकडे बघत उभे होते. बराच वेळ त्यांनी सुपारी तोंडात तशीच धरून ठेवली. मग वळले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भगवती बंदरात पांढऱ्या यॉट येऊन थांबल्यात म्हणे, गोऱ्या लोकांच्या. मी त्या बघून येतंय. शर्यत काय, दरवर्षीच हाय."

सगळा किनारा हसला. मीही हसलो. ज्याने स्वतःचे लग्न डोणीपायी खोळंबवले तो यॉट बघायला शर्यत सोडतो, यात कोणाला नवल वाटणार? दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर दहा जणांनी आभाळाकडे पाहिले असते. आतोबांनी म्हटले, म्हणून सर्वांनी आतोबांकडे पाहिले. दोन म्हाताऱ्या तांडेलांनी मात्र एकमेकांकडे पाहून शिडे उतरवून गुंडाळायला घेतली. एकाला गुडघा आठवला, दुसऱ्याला दुकान. भावोजी कमरेवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "जा दादा, बघून या. आमी जिंकून येताव, मग जरा आमच्या होडीकडे पण बघा." आतोबा त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी पण चला की. अशा बोटी परत बघायला मिळायच्या नायत." त्यांचा तो हात खांद्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, हे मला आठवते. भावोजींनी हसून तो काढला आणि होडी पाण्यात ढकलायला माणसांना हाक मारली.

शर्यतीसाठी शिवलेले एकसारखे पिवळे शर्ट घालून आम्ही सहा जण दोन रिक्षांतून भगवती बंदराकडे निघालो. वाटेत आमच्यातल्या एका तरुणाने शर्ट काढून काखेत मारला. त्याला लाज वाटत होती. मलाही वाटत होती.

यॉट मात्र खरोखरच होत्या. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या, हवेचा अंदाज ऐकून किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेल्या. पांढऱ्याशुभ्र, निमुळत्या, आणि डोलकाठ्या एवढ्या उंच की आमच्या होड्या त्यांच्या सावलीत झोपल्या असत्या. धक्क्याला लागलेल्या एका यॉटवर एक वृद्ध गोरे जोडपे दोरीवर कपडे वाळत घालत होते. आतोबा धक्क्यावर उभे राहून नुसते बघत राहिले. थोड्या वेळाने त्या गृहस्थाने हसून त्यांना वर बोलावले. आतोबांनी चपला धक्क्यावर काढून ठेवल्या, देवळाच्या पायरीला करतात तसा बोटीच्या कडेला हात लावून तो कपाळाला नेला आणि वर चढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोर कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारायला त्यांना भाषा लागली नाही. आतोबांनी सुकाणूचे चाक धरून पाहिले, कप्प्या फिरवून पाहिल्या, गुंडाळलेल्या शिडाचे कापड दोन बोटांत चोळून मला म्हणाले, "मास्तर, सुरकुती नाय बघ." तसा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मध्येच त्या गृहस्थाने आभाळाकडे बोट दाखवले, मान हलवली आणि अंगठा खाली केला. आतोबांनी झटकन त्याचा हात धरून खाली आणला आणि हसत हसत नको नको अशी खूण केली. तो बिचारा गोंधळून गेला. आम्ही पुन्हा हसलो.

मग वारा आला. आधी आवाज आला. सगळ्या डोलकाठ्यांच्या तारा एकदम शिट्या मारल्यासारख्या वाजू लागल्या. बंदरातले पाणी काळे होऊन उठले. आतोबा चाकाजवळ होते. त्यांनी किल्ल्याच्या टोकाकडे एकदा पाहिले आणि चपला न घालताच रस्त्याकडे चालू लागले.

शर्यतीला निघालेल्या बाकीच्या होड्या टोकापर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्या कशाबशा मागे फिरल्या. भावोजींची होडी सर्वांत पुढे होती. टोकाजवळच्या खडकांत तिची डोलकाठी मोडली. तिच्यावरच्या इतरांना एका ट्रॉलरने उचलले. भावोजी मिळाले, पण उशिरा.

त्यानंतरचे आतोबा मला नीट रंगवता येत नाहीत. बायच्या घरी ते सांत्वनाला गेले तेव्हा तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली, ती ते उठेपर्यंत बाहेर आली नाही. दर खेपेला असेच. पाणी मिळे, शब्द मिळत नसे. वाडीत कोणी म्हणे, म्हातारा शहाणा निघाला, त्याला वास लागला होता. कोणी म्हणे, वास लागला होता तर बोलला का नाही, आपले कातडे बरे वाचवले. कोणी म्हणे, कसला वास आणि कसले काय, त्याला बोटी दिसल्या की दुसरे सुचत नाही. आतोबांना विचारले तर ते भलत्याच गोष्टी बोलत. आते त्यांना बजावी, "कोणी विचारलं तर सांगा, मला काय ठाऊक. तुमच्या डोक्यात बोटीशिवाय काय नसतं हे साऱ्या जगाला माहीत आहे. वेडं म्हणतील, दुसरं तरी काही म्हणणार नाहीत." हे तिने मायेपोटीच सांगितले होते. कॅलेंडर भिंतीवरून गेले. कोणी काढले हे मी विचारले नाही. स्कूटरवर ते आता वळणावर हलत नसत. मागे एखादे पोते ठेवावे तसे सरळ बसून राहत, आणि मला गाडी चालवणे सोपे झाल्याचे फार वाईट वाटे. ज्या माणसाच्या गोष्टी मी वर्षानुवर्षे सांगितल्या त्याच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते. रात्रंदिवस एकच विचार छळे: आम्ही त्यांना इतके हसलो नसतो, तर त्या सकाळी कोणीतरी त्यांचे ऐकले असते.

अशी काही वर्षे गेली. एका दुपारी मी आतोबांच्या ओटीवर बसलो होतो आणि बाय फाटक उघडून आत आली. थकली होती, केस पांढरे झाले होते. ती आतोबांसमोर खालीच बसली. आते पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. बायने पाणी घेतले नाही.

"दादा, एक विचारतंय," ती म्हणाली. "आडवळणानं सांगू नको. त्या दिवशी तुला कळलं होतं?"

आतेने दारातून आतोबांकडे पाहून मान हलवली, नाही म्हणा. मीही मनातून तेच म्हणत होतो. आतोबांनी दोघांकडेही पाहिले नाही.

"होतं," ते म्हणाले.

मग आतोबाच बोलू लागले, हळू आणि सलग, मी त्यांना कधीच बोलताना ऐकले नव्हते तसे. "निमित्त काढून गेलो मी. पण तिथं पोचलो आणि निमित्त विसरलो. खरंच बोटी बघत राहिलो. मागं येऊन भावोजींना हाताला धरून उतरवायला वेळ होता, बाय. माझं लक्ष नव्हतं. मला आनंद झाला होता."

बायने पदराने तोंड पुसले. रडत नव्हती. "त्यांना पण कळलं होतं," ती म्हणाली. "तू रिक्षात बसलास तवा पाण्याची बाटली घ्यायला माझ्याकडे आले. म्हणाले, तुझा भाऊ बोटी बघायला निघालाय, म्हणजे बाहेर काय खरं नाय. मी म्हटलं, मग तुमी पण जा त्याच्यासंगं. तर हसले. म्हणाले, गेल्या वर्षाची ढाल घरात हाय, आता पोट दुखतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

आतोबा तिच्याकडे बघत राहिले.

"हे मी कोणाला सांगितलं नाय," ती म्हणाली. "तू बोलला नाहीस म्हणून ते गेले, असं धरलं की मला बरं वाटायचं. नायतर म्हणावं लागलं असतं, आपल्या पायानं गेले."

मी इतकी वर्षे माझ्या हसण्याचा जो भार वाहत होतो तो त्या क्षणी माझ्या हातून कोणीतरी काढून घेतला, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे हलके काही वाटले नाही. निरोप पोचला होता. तो नीट पोचूनही माणूस गेला होता.

बाय उठली तेव्हा ऊन कलले होते. फाटकाकडे वळता वळता ती म्हणाली, "पोरीचं लग्न ठरलंय. तिला मांडवात आणायला मामा लागतो. तेच सांगायला मी आले होते, पण आधी हे विचारायचं होतं." आतोबांनी चपला शोधल्या, दाराआडची काठी घेतली आणि ते तिला पोचवायला निघाले. त्या लग्नात ते भाचीला हाताला धरून मांडवात घेऊन आले, आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. मला मात्र ते आठवतात ते त्या दुपारचे, पाठमोरे. उताराच्या रस्त्याने बहीणभाऊ शेजारी शेजारी चालले होते. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस सहज चालू शकेल एवढी जागा होती, आणि वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती जागा दोघांपैकी कोणीही कमी केली नाही.